फाइल सेव्ह झाली, पण यादीत येत नाही: शिळी यादी ताजी कशी करायची

चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की म्हापसा, फोंडा, मडगावच्या छपाईच्या दुकानांत हा संवाद हमखास ऐकू येतो. एका मशीनवरचा मुलगा आरतीच्या पुस्तिकेची पीडीएफ नेटवर्कवरून सगळ्या मशीनांना दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरात टाकतो. प्रिंटरपाशी बसलेला म्हणतो, "दिसत नाही रे." पहिला म्हणतो, "टाकली ना मघाशीच!" मग एफ५ची, म्हणजे यादी ताजी (रिफ्रेश) करायच्या कळीची, दाबदाबी होते, तरी दिसत नाही म्हणून तीच फाइल 'फायनल २' नावाने पुन्हा सेव्ह होते. थोड्या वेळाने दोन्ही फाइली दिसायला लागतात आणि घाईत छापली जाते ती जुनी.

यात बिघडलेलं काहीच नसतं. फाइल ब्राउझरमध्ये दिसते ती यादी म्हणजे प्रत्यक्ष फोल्डर नव्हे. प्रोग्रामने कधीतरी फोल्डर वाचून केलेली ती नोंद आहे. खानावळीच्या पाटीवर सकाळी विसवण लिहिलेलं असतं आणि दुपारी दोनला ते संपलेलं असतं, तसंच हे. पाटी नवी कधी लिहायची आणि कोणी लिहायची, एवढंच समजून घ्यायचं आहे.

यादी शिळी का होते

फोल्डर उघडला की प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो, "यात काय काय आहे?" आलेलं उत्तर तो स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि पडद्यावर मांडतो. त्यानंतर दोन तऱ्हा. चांगला प्रोग्राम सिस्टीमला सांगून ठेवतो की या फोल्डरात काही बदललं तर मला कळव. विंडोजमध्ये, मॅकवर आणि लिनक्सवर यासाठी वेगवेगळ्या सोयी आहेत. साधा प्रोग्राम असं काही सांगत नाही. तुम्ही फोल्डर पुन्हा उघडेपर्यंत तो पहिलीच यादी दाखवत राहतो.

कळवण्याची ही व्यवस्था स्वतःच्या मशीनमधल्या डिस्कवर बहुतेक वेळा चोख चालते. ती फसते ती तीन ठिकाणी. एकदम शेकडो फाइली आल्या, जसं लग्नाच्या अल्बमचे दीड हजार फोटो कार्डावरून उतरवताना, तर सूचनांसाठी राखलेली जागा भरून जाते आणि मधल्या सूचना गळतात. नेटवर्कवरच्या फोल्डरात सूचना दुसऱ्या मशीनवरून यावी लागते. तिथे ती उशिरा येते किंवा येतच नाही. आणि एफटीपीसारख्या (दूरच्या सर्व्हरवर फाइली चढवायच्या-उतरवायच्या) जोडणीत 'बदल झाला' असं सर्व्हरने आपणहून कळवण्याची सोयच नाही.

म्हणून एफ५ दाबण्याआधी ठरवायचं ते हे: शिळं कोण आहे? प्रोग्रामची यादी, विंडोजने लक्षात ठेवलेली यादी, की शेअर्ड फोल्डर ज्या मशीनवर आहे तिथलीच यादी? की यादी ताजीच आहे आणि फाइल दुसऱ्याच कारणाने दिसत नाही? पुष्कळ तक्रारी या शेवटच्या प्रकारातल्या निघतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी बघा: फाइल दडलेली तर नाही?

प्रोग्रामच्या 'ओपन' खिडकीत उजवीकडे खाली फाइलचा प्रकार निवडायचा चौकोन असतो. तिथे 'फक्त वर्ड दस्तऐवज' असं काही निवडलेलं असेल तर त्याच फोल्डरातली पीडीएफ दिसणार नाही, कितीही वेळा रिफ्रेश करा. 'ऑल फाइल्स' निवडा. तो पर्याय नसेल तर फाइलच्या नावाच्या जागी तारा, टिंब, तारा (*.*) असं लिहून एंटर मारा, विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत यामुळे गाळणी सुटते.

शोधाच्या चौकोनात आधीचा शब्द राहिलेला असतो, तो पुसा. यादी तारखेने लावलेली आहे की नावाने, तेही बघा. उघड्या फोल्डरात आलेली नवी फाइल किंवा नवा फोल्डर विंडोज पुष्कळदा यादीच्या शेवटी चिकटवतं, आणि रिफ्रेश केल्यावरच ती तिच्या जागी जाते. त्यामुळे 'अ' पाशी शोधणाऱ्याला ती सापडत नाही, तळाशी मात्र असते.

डेस्कटॉप दोन असू शकतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू केला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलतात. जुना प्रोग्राम मात्र सी ड्राइव्हवर युजर्समध्ये तुमच्या नावाखालच्या जुन्या डेस्कटॉपवर सेव्ह करत राहतो. तिथे फाइल व्यवस्थित असते, पडद्यावर मात्र कधीच येत नाही. अॅड्रेस बारवर क्लिक करून पूर्ण पत्ता वाचा. सेव्ह करतानाचा आणि शोधतानाचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

याहून फसवा प्रकार विंडोज एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रामांचा. जुनी मराठी टायपिंगची किंवा हिशेबाची सॉफ्टवेअरं प्रोग्राम फाइल्सच्या आतच फाइली लिहायला बघतात. एक्सपीनंतरच्या व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाही. तो गुपचूप ती फाइल वापरणाऱ्याच्या अॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात ठेवतो आणि त्या प्रोग्रामला मात्र भासवतो की ती मागितलेल्या जागीच आहे. परिणाम असा की प्रोग्रामच्या खिडकीत फाइल दिसते आणि विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये नाही. इथे रिफ्रेशचा काही उपयोग नाही. फाइल व्हर्च्युअलस्टोअरमधून उचला आणि पुढच्या वेळी सेव्ह करण्याची जागा बदला.

कुठल्या प्रोग्रामात कोणतं बटण

फाइल एक्सप्लोररमध्ये एफ५ किंवा कंट्रोल-आर. विंडोजच्या ओपन आणि सेव्हच्या खिडक्यांतही एफ५ चालतो, फक्त आधी यादीतल्या रिकाम्या जागेवर एकदा क्लिक करा. डावीकडचं फोल्डरांचं झाड मात्र एफ५ला नेहमी दाद देत नाही. तिथे फोल्डरच्या बाजूच्या बाणाने ते मिटवा आणि पुन्हा उघडा.

आता सावधगिरी. एफ५ म्हणजे सगळीकडे रिफ्रेश नव्हे. टोटल कमांडर, डबल कमांडर, मिडनाइट कमांडर या दोन खिडक्यांच्या प्रोग्रामांत एफ५ म्हणजे कॉपी. विनएससीपी (सर्व्हरवर फाइली पाठवायचा प्रोग्राम) दोन खिडक्यांच्या मांडणीत लावलं असेल तर तिथेही तसंच. यादी ताजी करायला म्हणून एफ५ दाबला, समोर आलेल्या प्रश्नाला सवयीने एंटर मारला, की शेजारच्या खिडकीतल्या फोल्डरात त्या फाइली जाऊन पडतात. तिथे त्याच नावाची नवी फाइल असली आणि पुढच्या प्रश्नालाही 'हो' म्हटलं, तर जुनी फाइल नवीवर बसते. या चारही ठिकाणी रिफ्रेशसाठी कंट्रोल-आर आहे. हात त्याचीच सवय करून घेऊ द्या, कारण एक्सप्लोररमध्येही तो चालतो.

फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्रामात एफ५ने दोन्ही बाजू, आपल्या मशीनची आणि सर्व्हरची, ताज्या होतात. सर्व्हरवर दुसऱ्या कोणी फाइल टाकली असेल तर ती आपोआप येणार नाही, एफ५ मारावाच लागतो. विनएससीपीत साइटच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये, डिरेक्टरीजखाली, पाहिलेले सर्व्हरचे फोल्डर लक्षात ठेवण्याची खूण आहे. एकाच सर्व्हरवर तिघेचौघे काम करत असाल तर ती काढून टाका.

थ्रीडी चित्रांच्या ब्लेंडरच्या फाइल ब्राउझरमध्ये आर दाबायचा किंवा वरच्या पट्टीतलं गोल बाणांचं बटण. कोड लिहायच्या प्रोग्रामांपैकी एक्लिप्समध्ये प्रोजेक्टवर एफ५; इंटेलिजेत कंट्रोल-ऑल्ट-वाय, म्हणजे 'डिस्कवरून पुन्हा वाच'. व्हीएस कोडमध्ये डावीकडच्या एक्सप्लोररवर माउस नेला की वर गोल बाण उमटतो.

इनडिझाइनमध्ये पान लावणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. तिथे फाइलींची यादी म्हणजे लिंक्सचं पॅनेल. पिवळा त्रिकोण दिसला तर बाहेरची जाहिरात किंवा फोटो बदललाय आणि पानावर जुना आहे. त्रिकोणावर दोनदा क्लिक करा. लाल प्रश्नचिन्ह दिसलं तर फाइल जागेवर नाही किंवा तिचं नाव बदललंय. तिथे रीलिंक करून फाइल दाखवून द्यावी लागते. छपाईसाठी पीडीएफ काढण्याआधी या पॅनेलवरून नजर फिरवणं सक्तीचं समजा.

शेअर्ड फोल्डर: खरं दुखणं इथेच

विंडोज मशीन नेटवर्कवरचा फोल्डर वाचतं तेव्हा आलेली यादी काही सेकंद स्वतःकडे राखून ठेवतं, म्हणजे दर वेळी सर्व्हरला त्रास नको. ही मुदत ठरावीक आहे: फोल्डरची यादी १० सेकंद, फाइलची माहिती (आकार, तारीख) १० सेकंद, आणि 'अशी फाइल नाही' हे उत्तर ५ सेकंद. तिसरी मुदत जास्त गोंधळ घालते. प्रिंटिंगचा प्रोग्राम एखाद्या फोल्डरात विशिष्ट नावाची फाइल आली का ते सतत तपासत असेल, तर फाइल येऊन पडल्यावरही काही सेकंद त्याला 'नाही' हेच जुनं उत्तर मिळू शकतं.

म्हणून पहिला उपाय कंटाळवाणा पण खरा: १५ सेकंद थांबा, मग एकदाच रिफ्रेश करा. एवढ्याने फाइल आली तर दुखणं फक्त या राखून ठेवलेल्या यादीचं होतं. नाही आली तर पुढची तपासणी या क्रमाने करा.

१. शेअर ज्या मशीनवर आहे त्याच मशीनवर जाऊन फोल्डर उघडा. तिथे फाइल नसेल तर सेव्हच झालेली नाही किंवा दुसरीकडे झाली आहे. तुमच्या मशीनचा दोष नाही.

२. तिथे आहे आणि तुमच्याकडे नाही, तर तुमच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फोल्डरात 'डिर' (dir) ही फाइलींची यादी देणारी आज्ञा इंग्रजी अक्षरांत चालवा. डिरमध्ये फाइल दिसली आणि प्रोग्रामात नाही, तर प्रोग्रामची यादी शिळी. प्रोग्राम बंद करून उघडा.

३. डिरमध्येही नसेल तर शेअरचा पत्ता मशीनच्या नावाऐवजी आयपी क्रमांकाने (नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याने) टाकून उघडा. विंडोज नाव आणि आयपी ही दोन वेगळी मशीनं समजतं आणि त्यांच्या याद्या वेगळ्या ठेवतं. आयपीने फाइल दिसली, तर नावाने केलेली जोडणी अडकली आहे. मॅप केलेली (शेअरला एक अक्षर देऊन जोडलेली) ड्राइव्ह तोडा आणि पुन्हा जोडा.

४. ड्राइव्ह पुन्हा जोडूनही नावाने दिसत नसेल तर 'ऑफलाइन फाइल्स' तपासा.

हा चौथा मुद्दा लोक विसरतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत शेअर्ड फोल्डरवर उजवं क्लिक करून 'नेहमी ऑफलाइन उपलब्ध' असं लावता येतं. मग त्या फोल्डराची एक प्रत तुमच्या मशीनवर राहते, आणि नेटवर्क जरा डळमळलं की विंडोज न सांगता ती प्रत दाखवायला लागतं. तुम्ही रिफ्रेश करता ते या प्रतीला. फोल्डरावर पुन्हा उजवं क्लिक करून ती खूण काढा. कायमचा बंदोबस्त हवा तर शेअर असलेल्या मशीनवर फोल्डरच्या प्रॉपर्टीज, शेअरिंग, अॅडव्हान्स्ड शेअरिंग, कॅशिंग इथे जाऊन 'या फोल्डरातलं काहीही ऑफलाइन उपलब्ध नाही' हा पर्याय निवडा. खूण काढण्याआधी ऑफलाइन प्रतीत केलेलं काम सर्व्हरवर पोचलंय ना, ते मात्र जरूर बघा. 'सिंक सेंटर'मध्ये अडकलेल्या फाइलींची यादी मिळते.

मॅप केलेल्या ड्राइव्हवर लाल फुली दिसली तर घाबरायचं नाही. वापर नसला की विंडोजचा सर्व्हर साधारण १५ मिनिटांनी जोडणी सोडतो. ड्राइव्हवर दोनदा क्लिक केलं की ती परत येते. मात्र काही प्रोग्राम स्वतःहून जोडणी जागी करत नाहीत, ते रिकामी यादी दाखवतात. आधी एक्सप्लोररमधून ड्राइव्ह उघडा, मग प्रोग्राम.

दहा सेकंदांची मुदत बदलता येते. रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंगांची नोंदवही) एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, लॅनमन वर्कस्टेशन, पॅरामीटर्स या वाटेने जा. तिथे डिरेक्टरी-कॅश-लाइफटाइम, फाइल-इन्फो-कॅश-लाइफटाइम आणि फाइल-नॉट-फाउंड-कॅश-लाइफटाइम ही मूल्यं असतात. नसतील तर ३२ बिटांच्या डीवर्ड प्रकारची बनवा. नावं इंग्रजीत, मधली रेघ किंवा जागा न सोडता, सलग. पहिल्या आणि तिसऱ्याला ० द्या, मशीन रीस्टार्ट करा. आधी रजिस्ट्रीचा तो भाग एक्स्पोर्ट करून ठेवायला विसरू नका. दुसरं मूल्य सहसा तसंच राहू द्यावं. दोन-तीन मशीनांच्या दुकानात ० ठेवल्याने फरक जाणवत नाही. पंचवीस मशीनांच्या कार्यालयात, वायफायवर, एकेका फोल्डरात हजारो फाइली असताना हाच बदल सगळ्यांना संथ करतो, कारण प्रत्येक नजरेला सर्व्हरकडे नवी विचारणा जाते. तिथे ज्या एका मशीनवर प्रिंटिंगचा प्रोग्राम फोल्डरावर नजर ठेवून बसतो, तेवढ्यावरच हे करा.

राउटरच्या मागे यूएसबी डिस्क खोचून केलेला शेअर स्वस्तात पडतो, पण बदलाची सूचना देण्याच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवलेला बरा.

पण त्या जुन्या डेस्कटॉपचीही एक खोड असते. पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि त्याच्या मदरबोर्डावरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. वीज आली की मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत त्यावर पडणाऱ्या काही फाइलींना जुनी तारीख लागते. तुम्ही यादी 'नवी आधी' अशी लावलेली असते, त्यामुळे आजची फाइल थेट तळाला जाते. यादी शिळी नाही, तारीख खोटी आहे. नावाने लावून बघितलं की फाइल सापडते. बॅटरी कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते, वीज बंद करून बदलायची.

वीज गेली की आणखी एक गोष्ट घडते. दोन्ही मशीनं यूपीएसवर असतात, पण भिंतीवरचा नेटवर्क स्विच नसतो. मशीनं चालू, पडद्यावर फोल्डर उघडा, यादीही दिसते. फक्त ती वीज जाण्यापूर्वीची असते. कोणी त्या यादीवर विसंबून 'ही फाइल अजून आलेली नाही' असं ठरवतं. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या; त्यांना वीज फारशी लागत नाही.

फोटो स्टुडिओवाल्यांसाठी

लाइटरूम क्लासिक या फोटोंच्या प्रोग्रामची यादी मुळातच फोल्डराची यादी नाही. ती कॅटलॉगची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीची आहे. बाहेरून फोल्डरात टाकलेले फोटो तिथे कधीच आपोआप येत नाहीत, आणि एफ५नेही येत नाहीत. डाव्या पॅनेलमध्ये फोल्डरवर उजवं क्लिक, मग 'सिंक्रोनाइज फोल्डर'. खिडकीत किती नवे फोटो सापडले आणि किती हरवले ते आकड्यांत दिसतं. 'हरवलेले फोटो कॅटलॉगमधून काढा' या चौकोनात खूण करण्याआधी दहा वेळा विचार करा. फोटो दुसऱ्या फोल्डरात हलवलेले असतील किंवा फोल्डराचं नाव बदललेलं असेल, तर लाइटरूम त्यांना हरवलेलेच मानतं. आणि कॅटलॉगमधून काढले की त्यांवर केलेलं रंगाचं, कातरणीचं सगळं काम त्यांच्यासोबत जातं. शंका असेल तर ती खूण काढून फक्त नवे फोटो घ्या, हरवलेल्यांचा माग नंतर काढा.

अडोबी ब्रिजमध्ये एफ५ चालतो. नावं बरोबर पण छोटी चित्रं जुनी दिसत असतील तर टूल्स मेनूतल्या कॅशखाली त्या फोल्डरापुरती कॅश (राखून ठेवलेली छोटी चित्रं) पुसा. विंडोजमध्ये हाच प्रकार झाला तर डिस्क क्लीनअपमध्ये 'थंबनेल्स' एवढीच खूण ठेवून साफ करा. मूळ फोटोंना काही होत नाही, चित्रं नव्याने तयार होतात. हजारो फोटोंचा फोल्डर पहिल्यांदा उघडायला मात्र वेळ लागेल.

फोन आणि पेन ड्राइव्ह

गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतं, आणि फोन केबलने जोडला तर ती फाइल दिसत नाही. अँड्रॉइड फोन केबलवर आपली खरी यादी न देता स्वतःच्या मीडिया नोंदवहीतली यादी देतो. फाइल आली पण नोंदवहीत चढली नसेल तर संगणकाला ती दिसणार नाही. फोन अनलॉक ठेवा, केबल काढून पुन्हा लावा, 'फाइल ट्रान्सफर' पुन्हा निवडा. तरी नाही तर फोन रीस्टार्ट करा. सुरू होताना तो नोंदवही पुन्हा तपासतो. आणि शोधताना हेही लक्षात असू द्या की अँड्रॉइड ११ पासून व्हॉट्सअॅपचा फोल्डर आतल्या 'अँड्रॉइड' फोल्डरातल्या 'मीडिया'मध्ये गेला आहे. बाहेरच्या जुन्या व्हॉट्सअॅप फोल्डरात बघत बसलात तर जुनेच फोटो दिसतील.

पेन ड्राइव्हवर फाइलचं नाव दिसतं पण आकार शून्य, असं झालं तर पेन ड्राइव्ह बहुधा 'इजेक्ट' न करता उपटलेली आहे. यात रिफ्रेशने काही साधत नाही, मूळ मशीनवरून पुन्हा कॉपी करा.

मॅक आणि लिनक्स

मॅकच्या फाइंडरला रिफ्रेशचं बटणच नाही. नेटवर्कवरचा फोल्डर अडकला तर एक पायरी वर जा आणि पुन्हा आत या. त्यानेही नाही झालं तर ऑप्शन की धरून डॉकमधल्या फाइंडरवर उजवं क्लिक करा आणि 'रीलाँच' निवडा.

लिनक्सवर नॉटिलस आणि डॉल्फिन दोन्हींत एफ५ चालतो. तिथली बदल कळवणारी सोय, आयनोटिफाय, नेटवर्कवर दुसऱ्या मशीनने केलेला बदल पाहू शकत नाही. शिवाय एनएफएसवर (लिनक्समधली नेटवर्क फोल्डरांची एक पद्धत) फोल्डराची माहिती ३० ते ६० सेकंद राखून ठेवली जाते. थोडं थांबणं आलंच. स्वतःच्या डिस्कवरही यादी हलत नसेल आणि व्हीएस कोड 'हा फोल्डर फार मोठा आहे, नजर ठेवता येत नाही' अशा अर्थाचा इशारा देत असेल, तर आयनोटिफायची (एका वेळी किती जागांवर नजर ठेवायची याची) मर्यादा संपली आहे. लिनक्सच्या जुन्या कर्नलांत (गाभ्यात) ती प्रत्येक वापरकर्त्याला ८१९२ एवढीच होती; ५.११ पासून मेमरी बघून ती आपोआप वाढते. जुन्या मशीनवर सिस्टीमच्या सिसकंट्रोल (sysctl.conf) फाइलमध्ये कमाल वॉचेसचा आकडा ५२४२८८ करा.

मराठी नावांचा खास घोळ

फोल्डरात 'दुसऱ्या पानाची जाहिरात' आहे, डोळ्यांना दिसतेय, पण शोधात 'दुसऱ्या' लिहिलं तर येत नाही. हा रिफ्रेशचा प्रश्न वाटतो, पण तसा तो नाही. 'ऱ्या' हे अक्षर संगणकात निदान तीन तऱ्हांनी लिहिलं जातं: ऱ हे एकच अक्षर घेऊन, साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता (टिंब) घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर तिन्ही सारखीच. विंडोजच्या डिस्कला मात्र ही तीन वेगळी नावं, त्यामुळे एकाच फोल्डरात 'एकाच नावाच्या' दोन फाइली सुखाने नांदतात. कुठला कीबोर्ड वापरला यावर तऱ्हा ठरते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर ऱ फोडूनच ठेवला जातो, म्हणून तिथून झिप होऊन आलेल्या फाइलींत हे हटकून आढळतं.

ओळखायचं कसं? दोन्ही नावांत ऱ्याच्या मागे कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. एका नावात ऱ गळायला जितक्या दाबण्या लागतील, दुसऱ्यात त्याहून जास्त लागल्या तर कळलं. शेअर्ड फोल्डरातल्या फाइलींना रोमन अक्षरांत छोटं नाव आणि पुढे वर्ष-महिना-दिवस अशी तारीख द्यावी, हे आमचं ठाम मत. मराठी मजकूर फाइलच्या आत असू दे.

काहीच चाललं नाही तर

कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा, उजवं क्लिक करून 'रीस्टार्ट'. टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येईल. उघडे दस्तऐवज बंद होत नाहीत, पण चालू असलेली कॉपी थांबू शकते, म्हणून ती आधी पूर्ण होऊ द्या. फोल्डर उघडताना हिरवी पट्टी रेंगाळत असेल तर क्विक अॅक्सेसमध्ये पिन केलेला एखादा बंद मशीनचा फोल्डर अडकवत असतो. तो अनपिन करा आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये जनरल टॅबवर 'क्लिअर' दाबा. शोधातच फाइल येत नसेल पण फोल्डरात असेल, तर कंट्रोल पॅनेलमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, 'रीबिल्ड'. याला तासन् तास लागू शकतात, म्हणून दुकान बंद करताना लावून जा.

नेटवर्क बघणाऱ्या माणसाला बोलवायचं झालं तर नुसतं 'फाइल दिसत नाही' म्हणून सांगू नका. फाइल कुठल्या मशीनवरून, किती वाजता सेव्ह झाली. शेअर असलेल्या मशीनवर ती दिसते का. डिरमध्ये दिसते का. आयपीने उघडल्यावर दिसते का. आणि त्या दिवशी वीज गेली होती का, एवढं कागदावर लिहून ठेवा. आणि तो येईपर्यंत कोणीही ती फाइल त्याच नावाने पुन्हा सेव्ह करायची नाही.